भ्रमणध्वनी उपयोजनांची बहुसंच चाचणी : साधने व दृष्टिकोन यांचा इतिहास (२०००-२०२३)

प्रस्तावना

सॉफ्टवेअरच्या इतिहासात संगणकभाषा, यंत्रे आणि कंपन्या यांची दखल घेतली जाते. चाचणीच्या कामाला मात्र फार तर एखादी तळटीप लाभते. भ्रमणध्वनीवरील उपयोजनांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते. मेजावरील संगणकासाठी लिहिलेली आज्ञावली मोजक्या कार्यप्रणालींवर चालवून पाहिली की काम भागत असे. भ्रमणध्वनीच्या बाबतीत पडद्याचा आकार, स्मृतीची क्षमता, कळांची मांडणी, कार्यप्रणालीची आवृत्ती आणि दूरसंचार कंपनीने केलेले फेरफार हे सारे संचागणिक बदलत गेले. एकच उपयोजन किती संचांवर तपासावे हा प्रश्न वरकरणी तांत्रिक दिसतो. वस्तुतः कोणाचा संच मोजावयाचा आणि कोणाचा वगळावयाचा, याचा तो निर्णय असतो. प्रस्तुत लेखात २००० ते २०२३ या काळातील साधने व दृष्टिकोन यांचा मागोवा या अंगाने घेतला आहे.

जावाचे आश्वासन आणि संचांचे वास्तव

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये जावा ही भाषा जाहीर केली, ती एकदा लिहिलेली आज्ञावली कोणत्याही यंत्रावर चालेल या आश्वासनासह. २००० साली भ्रमणध्वनीसाठी एमआयडीपी हे जावाचे लघुरूप मानक म्हणून संमत झाले आणि २००२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. मानक एक असले तरी त्याची अंमलबजावणी प्रत्येक निर्मात्याने आपापल्या पद्धतीने केली. नोकियाच्या मालिका ४० मधील आरंभीच्या संचांवर उपयोजनाची संचिका ६४ किलोबाइटपेक्षा मोठी चालत नसे आणि पडदा १२८ गुणिले १२८ बिंदूंचा असे. त्याच कंपनीच्या मालिका ६० मधील पडदा १७६ गुणिले २०८ बिंदूंचा होता. पडद्याखालच्या डाव्या व उजव्या कळांना नोकियाच्या संचांवर उणे ६ व उणे ७ हे संकेतांक होते, तर मोटोरोलाच्या बहुतेक संचांवर उणे २१ व उणे २२. म्हणजे एका संचावर ‘निवडा’ म्हणणारी कळ दुसऱ्या संचावर मुकी ठरे.

परिणामी एका खेळाच्या अनेक प्रती तयार करण्याचा ‘पोर्टिंग’ नावाचा स्वतंत्र उद्योगच उभा राहिला. मुंबईच्या इंडियागेम्ससारख्या कंपन्या या दशकात जावा-खेळांच्या व्यवसायात होत्या. मूळ खेळ लिहिण्याइतकेच, किंबहुना अधिक, श्रम तो निरनिराळ्या संचांवर बसविण्यात आणि तपासण्यात जात. संगणकावर भ्रमणध्वनीचे रूप उभे करणारा एम्युलेटर सनच्या वायरलेस टूलकिटमध्ये मिळत असे. पण तो आदर्श संचाचे अनुकरण करी, बाजारातील सदोष संचाचे नव्हे. खऱ्या संचातील दोष केवळ खऱ्या संचावरच सापडे. हा अनुभव पुढील वीस वर्षे चाचणीकर्त्यांना नव्या नव्या रूपांत येत राहिला.

यावर दोन उपाय पुढे आले. संचांच्या गुणदोषांची सामायिक नोंदवही ठेवणे हा पहिला. लुका पासानी यांच्या पुढाकाराने सुरू झालेली वुर्फल ही नोंदवही त्याचे ठळक उदाहरण होय. प्रमाणपत्र हा दुसरा. क्वालकॉमच्या ब्रू मंचावरील ट्रू ब्रू, संचनिर्मात्यांनी सनसह उभारलेली जावा व्हेरिफाइड आणि सिंबियन साइन्ड या योजनांत शुल्क भरून उपयोजन चाचणीगृहाकडे सादर करावे लागे व ठरलेल्या कसोट्यांवर ते उतरले तरच शिक्का मिळे. गुणवत्तेच्या दृष्टीने ही शिस्त उपकारक होती, हे मान्य करावे लागेल. मात्र तिचा आर्थिक भार विकसकावर पडत असल्याने ज्या संचांचे ग्राहक पैसे मोजतील तेच आधी तपासले जाणे स्वाभाविक होते.

दूरस्थ संच

प्रत्येक संच विकत घेणे कोणालाच परवडणारे नव्हते. या अडचणीतून संच भाड्याने देण्याची कल्पना निघाली. अमेरिकेतील मोबाइल कंप्लीट या कंपनीने डिव्हाइसएनीव्हेअर या नावाने ही सेवा दिली. खऱ्या संचांच्या कळा व पडदे तारांनी यंत्रणेस जोडलेले असत आणि चाचणीकर्ता दूरवरून इंटरनेटद्वारे ते हाताळू शके. २०११ मध्ये कीनोट सिस्टिम्सने ही कंपनी विकत घेतली. इस्राएलमध्ये स्थापन झालेली परफेक्टो मोबाइल याच वाटेने गेली. ‘क्लाउड’ हा शब्द रूढ होण्याआधीच चाचणीच्या क्षेत्रात ती व्यवस्था या रीतीने कार्यरत होती.

अँड्रॉइड : माकड आणि मोजणी

जुलै २००८ मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर उघडले आणि त्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला संच बाजारात आला. ॲपलचे संच थोडे व एकाच निर्मात्याचे. अँड्रॉइड मात्र कोणत्याही निर्मात्यास खुले. गूगलने संचांच्या सुसंगतीसाठी चाचणीसंच तयार केला आणि विकसकांसाठी ‘मंकी’ नावाचे साधन दिले. हे माकड पडद्यावर यदृच्छया स्पर्श करीत सुटते आणि उपयोजन कोठे कोलमडते ते उघड करते. आरंभीचे बीजांक तोच ठेवल्यास तीच उच्छादांची मालिका पुन्हा घडविता येते, हा त्याचा खरा उपयोग. या कल्पनेचे मूळ बरेच जुने आहे. १९८३ मध्ये मॅकिंटॉश संगणक घडत असताना स्टीव्ह कॅप्स यांनी याच नावाची आज्ञावली लिहिली होती. अवघ्या १२८ किलोबाइट स्मृतीत मॅकराइट व मॅकपेंट तग धरतात की नाही, हे पाहण्यासाठी तिचा वापर झाला. चाचणीच्या इतिहासात नवे म्हणून मिरविले जाणारे बरेच काही असे पुनरागत असते.

संचांची संख्या किती वाढली याचा अंदाज लंडनच्या ओपनसिग्नल या कंपनीच्या अहवालांवरून येतो. तिचे उपयोजन उतरवून घेणाऱ्यांमध्ये २०१२ साली ३,९९७ निरनिराळे अँड्रॉइड संच आढळले. २०१३ मध्ये ११,८६८, २०१४ मध्ये १८,७९६ आणि २०१५ मध्ये २४,०९३. हे आकडे सावधपणे वाचावे लागतात. बदललेली कार्यप्रणाली बसविलेले संच वेगळ्या नावाने नोंदले जात आणि ते उपयोजन घेणारा वर्ग म्हणजे सर्व वापरकर्ते नव्हेत. तरीही प्रत्येक संचावर तपासणी करणे यापुढे अशक्य आहे, एवढे या मोजणीने निर्विवाद केले.

स्वयंचलनाची साधने

संचांची संख्या वाढत असताना मानवी हातांनी तपासणे अपुरे पडू लागले. संकेतस्थळांच्या चाचणीसाठी जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये थॉटवर्क्स येथे सेलेनियम हे साधन घडविले होते. मर्क्युरी, म्हणजे पारा, हे नाव धारण करणाऱ्या प्रतिस्पर्धी कंपनीवरचा तो विनोद होता. पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा मानला जातो. भ्रमणध्वनीच्या क्षेत्रात हीच परंपरा ॲपियमने पुढे नेली. डॅन क्वेलर यांनी २०११ मध्ये आयफोनसाठी सुरू केलेला प्रयत्न २०१२ च्या लंडन येथील सेलेनियम परिषदेत मांडला गेला, हगिन्स त्यात सहभागी झाले आणि २०१४ मध्ये ॲपियमची पहिली पूर्ण आवृत्ती आली. तपासावयाच्या उपयोजनात कोणताही बदल करावयाचा नाही आणि चाचणी कोणत्याही संगणकभाषेत लिहिता यावी, ही त्याची भूमिका होती.

दोन मंचांसाठी एकच भाषा हे ध्येय आकर्षक होते, पण साधन मंचाच्या मालकावर अवलंबून राहिले. ॲपलने २०१६ मध्ये आपले जुने यूआय ऑटोमेशन काढून टाकले तेव्हा ॲपियमला आयफोनकडील बाजू नव्या पायावर उभी करावी लागली. याउलट गूगलचे एस्प्रेसो (२०१३) आपल्याच मंचापुरते राहिले. ते अधिक वेगवान व स्थिर असले तरी आयफोनसाठी दुसरी चाचणी लिहावीच लागे. जावाच्या वेळी उपयोजनाबाबत जो पेच होता, तो आता चाचणीबाबत उभा राहिला.

आफ्रिकेतील चाळीस मिनिटे

या इतिहासातील एक प्रसंग अधिक तपशिलाने पाहण्याजोगा आहे. २०१३ मध्ये फेसबुकच्या काही उत्पादन-व्यवस्थापकांनी व अभियंत्यांनी आफ्रिकेत जाऊन तेथील अँड्रॉइड संच विकत घेतले आणि आपलेच उपयोजन त्यांवर चालविले. जाळे क्षीण व खंडित, संचांची स्मृती अपुरी. उपयोजन संथ चाले आणि वारंवार कोलमडे. महिनाभरासाठी घेतलेली डेटाची मर्यादा चाळीस मिनिटांत संपली. कंपनीने हे स्वतःच २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. कॅलिफोर्नियातील कचेरीत हे दोष दिसले नव्हते, कारण तेथील संच आणि तेथील जाळे दोन्ही उत्तम होते. त्यानंतर संचाच्या क्षमतेवरून तो कोणत्या वर्षाच्या उत्तम संचाच्या तोडीचा आहे हे ठरविणारी ‘इयर क्लास’ पद्धत कंपनीने खुली केली आणि ऑक्टोबर २०१५ पासून कर्मचाऱ्यांना दर मंगळवारी तासभर २जीच्या वेगाने काम करून पाहण्याची सोय केली. २०१६ मध्ये ओरेगॉनमधील प्राइनव्हिल येथे ६० मांडण्या, प्रत्येकीत ३२ संच, असे सुमारे दोन हजार संचांचे दालन उभे राहिले. संचांचे बिनतारी संदेश एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक मांडणी विद्युत्चुंबकीय दृष्ट्या बंदिस्त करावी लागली.

एवढा खर्च ज्यांना शक्य नव्हता त्यांनी अन्य मार्ग शोधले. इंग्लंडमधील ब्रायटन येथे जेरेमी कीथ यांनी २०१२ मध्ये आपल्या कचेरीतील संच कोणासही तपासणीसाठी खुले केले. लोकांनी जुने संच आणून दिले आणि अशी खुली दालने इतर शहरांतही निघाली. व्यापारी बाजूस मुंबईत २०११ मध्ये रितेश अरोरा व नकुल अग्रवाल या आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी ब्राउझरस्टॅक स्थापन केली. आरंभी निरनिराळे ब्राउझर दूरवरून उपलब्ध करून देणारी ही कंपनी पुढे खऱ्या भ्रमणध्वनींकडे वळली आणि २०२१ मध्ये तिचे मूल्यांकन ४ अब्ज डॉलर ठरले. ॲमेझॉन व गूगल यांच्या तशाच सेवा २०१५ मध्ये जाहीर झाल्या होत्या.

निवडीचे गणित

सर्व संच तपासता येत नसतील तर थोडे कसे निवडावेत? येथे संगणकशास्त्रास शेतीच्या प्रयोगांतून वाढलेल्या संख्याशास्त्राचा आधार मिळाला. भारतीय सांख्यिकी संस्थेशी संबंधित सी. आर. राव यांनी १९४७ मध्ये लंबकोनी सारण्यांची संकल्पना मांडली. पडदा, आवृत्ती, जाळे व भाषा असे चार घटक आणि प्रत्येकाचे तीन पर्याय घेतल्यास ८१ संयोग होतात; सारणीच्या साहाय्याने केवळ ९ चाचण्यांत कोणत्याही दोन घटकांची प्रत्येक जोडी एकदा तरी तपासली जाते. अमेरिकेच्या मानक संस्थेतील रिचर्ड कून व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखविले की त्यांनी अभ्यासलेल्या प्रणालींतील बिघाड सहाहून अधिक घटकांच्या संयोगाने उद्भवत नव्हते. ही पद्धत निर्दोष आहे, पण घटकांची यादी कोणी केली यावर तिचे सारे फलित अवलंबून असते. यादीत नसलेला घटक कोणत्याही सारणीत येत नाही.

लिपी हा असाच सुटलेला घटक. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतील एका जोडाक्षराने आयफोनवरील संदेशांची उपयोजने कोसळू लागली. ॲपलने १९ फेब्रुवारीस सुधारित आवृत्ती काढली. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत अनेक संचांवर देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन दिसत, अथवा जोडाक्षरे सुटून वेलांटी भलत्याच ठिकाणी जाई. मराठीची अडचण आणखी सूक्ष्म आहे. ‘दऱ्या’ किंवा ‘कुऱ्हाड’ यांतील अर्धा र हिंदीत लागत नसल्याने हिंदीत उत्तम दिसणारा पडदा मराठीतही तसाच दिसेल, याची शाश्वती नसते. त्यातही पेच असा की, ॲपियमसारखी साधने शब्द शोधताना पडद्यावरची आकृती पाहत नाहीत. कार्यप्रणालीजवळ असलेली अक्षरांची मालिका वाचतात. मालिका बरोबर असली की पडद्यावर ‘दर्‌या’ असे मोडके रूप उमटो वा निव्वळ चौकोन, अहवालात चाचणी उत्तीर्ण अशीच नोंद पडते.