पराभवाची चार अक्षरे

चिनी भाषेतील युद्धविषयक शब्दांचा विचार करताना 'वू' या चिन्हापासून सुरुवात करणे सोयीचे ठरते. 'वू' म्हणजे युद्धकला, लष्करी सामर्थ्य. या चिन्हाचे घटक दोन. एक 'ग', म्हणजे लांब दांड्याला आडवे पाते बसवलेले प्राचीन शस्त्र. दुसरा 'झ', ज्याचा रूढ अर्थ 'थांबणे'. 'ज्वो-झ्वान' या प्राचीन इतिहासग्रंथात यासंबंधी एक प्रसंग येतो. इ. स. पूर्व ५९७ मध्ये बी येथील लढाईत छू राज्याच्या झ्वांग राजाने जिन राज्याच्या सैन्याचा पराभव केला. शत्रूची प्रेते रचून विजयाचे स्मारक उभारावे, असे एका सरदाराने सुचवले. राजाने नकार दिला आणि त्यासाठी अक्षराचाच दाखला दिला: शस्त्राला थांबवते ते 'वू'.

प्राचीन लिपीच्या अभ्यासकांना ही व्युत्पत्ती मान्य नाही. शांग काळातील अस्थिलेखांत 'झ' हे पावलाचे चित्र आहे. पाऊल आणि शस्त्र मिळून जो अर्थ होतो तो थांबण्याचा नव्हे, तर चाल करून जाण्याचा. म्हणजे शब्द जन्मला एका अर्थाने आणि वाचला गेला नेमका उलट अर्थाने. युद्धाविषयी भाषा काय सांगते आणि विद्वानांना तिने काय सांगावेसे वाटते, यांतले हे अंतर आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

चिनी भाषेतील बहुतेक चार अक्षरी असणाऱ्या रूढ वाक्प्रचारांना 'छंग्यू' म्हणतात. त्यांतले कितीतरी रणभूमीवर जन्मले आहेत. 'पानिपत होणे' असे आपण म्हणतो तेव्हा १७६१ सालचे ते स्थळ नावानिशी आपल्यासमोर उभे राहते. छंग्यू मात्र बहुधा नाव गाळतो आणि एक चित्र तेवढे राखतो. आणि ही चित्रे विजेत्यांची क्वचितच असतात.

श्यांग यूचे उदाहरण घ्यावे. इ. स. पूर्व २०७ मध्ये जूलूच्या लढाईपूर्वी त्याने नदी ओलांडली, नावा बुडवल्या, स्वयंपाकाची भांडी फोडली आणि सैनिकांपाशी तीन दिवसांचा शिधा ठेवला. तो जिंकला. 'भांडी फोडणे, नावा बुडवणे' हा परतीचा मार्ग तोडण्याचा वाक्प्रचार तिथून आला. पुढे पाचच वर्षांनी, इ. स. पूर्व २०२ मध्ये, तोच श्यांग यू गायश्या येथे वेढला गेला. रात्री चहूबाजूंनी त्याच्याच मुलखातली, छूची गाणी ऐकू येऊ लागली. शत्रूच्या छावणीत आपलीच माणसे इतकी असतील तर आपला मुलूख गेलाच, असे त्याला वाटले. 'चारी दिशांना छूची गाणी' हे शब्द आजही सर्वस्वी एकाकी पडलेल्या माणसासाठी वापरले जातात. हान घराणे स्थापन करणारा ल्यू बांग या दोन्ही चित्रांत कुठेही नाही.

हे दोन्ही प्रसंग आपल्यापर्यंत पोचले ते सिमा छियेनच्या 'शिजी' या इतिहासामुळे. इ. स. पूर्व ९९ मध्ये श्योंगनू टोळ्यांना शरण गेलेल्या ली लिंग या सेनापतीची बाजू त्याने दरबारात मांडली आणि त्यापायी त्याला खच्चीकरणाची शिक्षा भोगावी लागली. पराभूताच्या वतीने बोलण्याची किंमत त्याने स्वतःच्या देहाने मोजली होती. कधीही सम्राट न झालेल्या श्यांग यूचे चरित्र त्याने सम्राटांच्या वृत्तांतांत घातले, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण आहे असे आम्हांला वाटते.

परंतु या स्मृतीची दुसरी बाजूही पाहावी लागते. 'कागदावर युद्धचर्चा' हा छंग्यू पुस्तकी पांडित्याची थट्टा करण्यासाठी वापरतात. त्यामागे आहे इ. स. पूर्व २६० ची छांगपिंगची लढाई. झाओ राज्याने अनुभवी ल्यान फोला दूर करून युद्धशास्त्र तोंडपाठ असलेल्या झाओ ख्वोला सेनापती नेमले. त्याला नेमू नये, अशी विनंती त्याच्या आईनेच राजाला केली होती. झाओ ख्वो मारला गेला आणि त्याचे सैन्य छिन राज्याला शरण आले. शरण आलेल्या चार लाखांवर लोकांना ठार केल्याचे 'शिजी' सांगते. हा आकडा आधुनिक इतिहासकारांना अतिशयोक्त वाटतो. मात्र शान्शी प्रांतातील गाओपिंग परिसरात सापडलेले सांगाड्यांचे खड्डे कत्तलीची साक्ष देतात. लेखनासाठी कागद रूढ झाला तो या लढाईनंतर काही शतकांनी. म्हणजे हे शब्द मागाहून घडले आणि घडताना त्यांनी फक्त सेनापतीची चूक उचलली. खड्ड्यांतली माणसे शब्दाबाहेरच राहिली.

एखाद्या बैठकीत कुणाची योजना हाणून पाडताना हा वाक्प्रचार सहज उच्चारला जातो, तेव्हा त्या शरणागतांची आठवण कुणाला होत नाही. झ्वांग राजाने प्रेतांचे स्मारक नाकारले आणि छंग्यूंनीही विजयाची स्मारके फारशी उभारली नाहीत, हे त्यांचे मोठेपण होय. मात्र स्मारक न उभारणे निराळे आणि मृतांचा विसर पडणे निराळे. वाक्प्रचाराचा अर्थ दिला की आपण शिकवणे संपले असे समजतो. त्या अर्थासाठी काय गाळले गेले, हे सांगणेही भाषेच्या अभ्यासाचाच भाग आहे.