१९३७ आणि १९४६ : दोन निकालांचा अर्थ

फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाने १४ जागा जिंकल्या. त्यांत काही सर्वसाधारण जागाही होत्या. सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले महार आणि कुणबी शेतकरी एकत्र मोर्चाने मुंबईत आले.

१९४६ साली मात्र शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला याच प्रांतात एकही जागा मिळाली नाही. समाज फितला म्हणून? नव्हे. पुणे कराराने राखीव जागेचा अंतिम निवाडा संयुक्त मतदारसंघाकडे, म्हणजे सवर्ण बहुसंख्येकडे सोपविला होता. ही व्यवस्था १९३७ लाही होतीच. पण १९४६ ला काँग्रेसची लाट होती आणि खोतीविरोधी लढ्यातले सोबती दुरावले होते.

म्हणून केवळ राखीव जागांवर विसंबून चालणार नाही. कष्टकऱ्यांची ती तुटलेली एकजूट पुन्हा बांधावी लागेल.