इन्स्क्रिप्ट कळफलक
इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिपींमध्ये टंकलेखन करण्यासाठीचा प्रमाण कळफलक आराखडा आहे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली इस्की संकेतप्रणालीच्या मानकात त्याचा समावेश केला. विंडोज व लिनक्समध्ये तो अंतर्भूत असल्याने भाषेच्या सेटिंगमध्ये जोडून लगेच वापरता येतो. वेगळी आज्ञावली लागत नाही.

यात स्वर डाव्या, तर व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे असतात. इंग्रजी 'के'च्या कळीवर 'क', शिफ्टसह 'ख' उमटतो; 'डी'च्या कळीने हलन्त चिन्ह उमटून जोडाक्षरे तयार होतात. इतर भारतीय लिपींतही समान ध्वनीची कळ बहुधा तीच असते.

आता हा मजकूर युनिकोडमध्ये साठवला जात असल्याने तो शोधता येतो व अन्य संगणकांवरही वाचता येतो. युनिकोडपूर्व टंकांतील मजकूर मात्र तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो.