कनेरगांवचा नाका आणि औंढ्याची वाट

वाशीमहून हिंगोलीस जाणाऱ्या रस्त्यावर कनेरगांव नाका लागतो. 'नाका' हा शब्दच मुळीं सरहद्दीचा. इ. स. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं दिलें आणि एकच बोली बोलणाऱ्या शेजाऱ्यांचे कारभार निराळे झाले. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामी राजवट संपली. परंतु सीमारेषा उरलीच. १९९८ सालीं झालेला वाशीम जिल्हा आणि १९९९ सालीं झालेला हिंगोली जिल्हा आजहि याच परिसरांत एकमेकांस भेटतात.

गेल्या महिन्यांत या नाक्यावर आम्ही आमच्या भाचीस एस्. टी. मध्यें बसवून दिलें. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर मुल्की म्हणून गांव आहे. तेथें समुद्राच्या लाटेवर फळी टाकून तीवर उभें राहण्याची विद्या, जिला हल्लीं 'सर्फिंग' म्हणतात, शिबिरें भरवून शिकवितात. आमच्या भाचीस पाण्याची ओळख काय ती कयाधू नदीची. आणि बरोबर कोणीहि नाहीं. "मामा, सगळ्यांत राहून माझं मलाच ऐकूं येत नाहीं," एवढेंच ती म्हणाली. तिची आई, म्हणजे आमची ताई, दोन दिवस जेवली नाहीं. आम्हांस दोघींनींहि कौल मागितला होता. आम्ही 'जा' म्हटलें नाहीं आणि 'नको' असेंहि म्हटलें नाहीं. इतिहासाच्या अध्यापकानें घरांत मौन धरावें, हें आमचें आम्हांसच लाजिरवाणें वाटलें. म्हणून जें त्या दिवशीं बोलावयाचें राहिलें, तें येथें लिहीत आहों.

स्वतःच्या शोधार्थ एकट्यानें वाट धरणें हें आजच्या तरुण पिढीचें खूळ आहे असें मानणाऱ्यांनीं हिंगोलीच्या परिसराकडे पाहावें. कयाधूच्या कांठीं नरसी हें गांव आहे. श्रीनामदेवांचें जन्मस्थान तें हेंच, असें येथील लोक मानतात. कांहीं संशोधक तो मान पंढरपुरास देतात, कांहीं कऱ्हाडकडील नरसिंगपुराकडे बोट दाखवितात. तो वाद येथें सोडवावयाचा नाहीं. हिंगोलीच्या दक्षिणेस औंढा नागनाथ आहे, आणि नामदेवांच्या आयुष्यांतील सर्वांत एकाकी प्रवास रूढ कथेप्रमाणें या औंढ्यास येऊन संपला.

ती कथा वाचकांस ठाऊक आहेच. संतमेळाव्यांत मुक्ताबाईंनीं गोरोबाकाकांस विचारलें कीं, यांतील मडकीं पक्कीं किती आणि कच्चीं किती. गोरोबांनीं थापटणें घेऊन प्रत्येकाचें मस्तक ठोकून पाहिलें आणि नामदेवांस कच्चें ठरविलें. कारण त्यांनीं गुरु केला नव्हता. विठ्ठलाशीं सलगीनें बोलणारा हा भक्त दुखावला आणि अखेर विसोबा खेचरांच्या शोधांत औंढ्यास गेला. पाहतो तों एक वृद्ध शिवलिंगावर पाय ठेवून निजलेला! नामदेव रागावले, तेव्हां तो म्हणाला, 'जेथें देव नाहीं तेथें माझे पाय उचलून ठेव.' नामदेव पाय हालवूं लागले, आणि जिकडे पाय न्यावे तिकडे लिंग उभें राहिलें.

चमत्कार तूर्त बाजूस ठेवूं. इतिहासाच्या दृष्टीनें या कथेंत दोन गोष्टी मोलाच्या आहेत. पहिली ही कीं, परंपरा आपल्या लाडक्या पुरुषाची फजिती सहसा कल्पून काढीत नाहीं. वारकऱ्यांनीं नामदेवांचें 'कच्चेपण' जपून ठेविलें व १७६२ सालच्या 'भक्तविजया'नंतरहि तें घरोघर सांगितलें; त्या अर्थीं तिच्या मुळाशीं कांहीं खरी जखम असावी. दुसरी गोष्ट नामदेवांच्या वाणींतील पालटाची. ज्ञानदेवांच्या संगतीनें केलेल्या तीर्थयात्रेचें वर्णन 'तीर्थावळी'च्या अभंगांत आहे. त्यांतील नामदेव पावलोपावलीं पंढरीकडे मान वळवितात. पंढरी सुटली म्हणजे त्यांचा देव सुटतो. उलट, १६०४ सालीं संकलित झालेल्या शीखांच्या आदिग्रंथांत त्यांचीं ६१ पदें आहेत, आणि त्यांपैकीं एकाचा आशय तर असा कीं, विठ्ठल इकडेहि आहे व तिकडेहि आहे, त्याच्यावांचून जागाच नाहीं. विटेवरून देव उतरला नाहीं. वीट मात्र जगाएवढी झाली. औंढ्याच्या कथेंत नेमका हाच पालट एका प्रसंगांत सांठविला आहे. पंजाबांत गुरुदासपूर जिल्ह्यांतील घुमानपर्यंत नामदेवांचें स्मरण पोंचलें, तें असा देव बरोबर असल्यामुळेंच.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. पंढरपुराहून औंढा सरळ रेषेंत मोजला तरी अडीचशे किलोमीटरांहून कमी नाहीं. एवढी वाट तुडवून नामदेव स्वतःचें कौतुक करून घ्यावयास गेले नव्हते. मंडळींनीं वर्मावर बोट ठेविलें म्हणून ते निघाले, आणि तेथें जें सांपडलें त्यानें त्यांची आवडती समजूतच मोडली. एकांतांत मनुष्यास आपलें गोजिरें रूप दिसत असेल तर तो एकांत नव्हे, आरसा आहे. समुद्राची लाट नवशिक्यास फळीवरून खालीं फेंकते, ती कोणाची पदवी किंवा कूळ विचारीत नाहीं. तिचें काम, आमच्या मतें, गोरोबांच्या थापटण्याहून फारसें निराळें नाहीं.

परंतु ताईचा पक्षहि इतिहासांत आहे. गोणाई व राजाई यांच्या नांवें जे अभंग चालत आले आहेत, त्यांत घर वाऱ्यावर टाकणाऱ्या पुत्राविषयीं व पतीविषयीं तक्रार आहे. वारकऱ्यांनीं तीहि पुसून टाकली नाहीं. शिवाय एकट्यानें निघण्याची मुभा शतकानुशतकें बहुधा पुरुषांसच होती. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत, वयाच्या अठराव्या वर्षीं, पतीस मागें ठेवून वैद्यक शिकण्यासाठीं कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हां समाजानें त्यांस जें ऐकविलें तें सर्वश्रुत आहे. ज्या कथेंत नामदेवांस घराबाहेर काढणारा प्रश्न एका मुलीनें, मुक्ताबाईनें, विचारला, ती कथा सांगणाऱ्यांनीं मुलीच्याच वाटेवर अडसर घालावा, हें आम्हांस सुसंगत वाटत नाहीं.

मग अशा प्रवासाची कसोटी कोणती? कथेंतच ती आहे. नामदेव औंढ्यास राहिले नाहींत. ज्यांनीं कच्चें म्हटलें त्यांच्यांतच ते परत आले, आणि पुढें त्यांच्या कीर्तनाभोंवतीं माणसें जमलीं. एकट्यानें गेलेला मनुष्य चौघांत अधिक चांगला नांदूं लागला, तर तो कोठें तरी पोंचला असें म्हणावें.

भाचीची परतीची गाडी पुढल्या आठवड्यांत याच नाक्यावर येईल. तिला घेण्यास आम्ही ताईसह जाणार आहों. 'काय सांपडलें?' असें विचारणार नाहीं. ती आईशीं कशी बोलते, एवढेंच पाहणार आहों. आणि 'जा' हा शब्द, जो त्या दिवशीं आमच्या ओठांवर अडला, तो उशिरां कां होईना, ताईच्या देखत तिला सांगणार आहों.