खारपट्टीतील भाताची नावे आणि बियांचे जतन

कुलाबा जिल्ह्याला १९८१ साली रायगड हे नाव मिळाले. परंतु त्याच्या किनाऱ्यावरील भाताची नावे त्याहून कितीतरी जुनी आहेत. पिकांचा इतिहास लिहिताना बहुधा सारा, कायदे व उत्पन्नाचे आकडे पाहिले जातात. शेतकऱ्याच्या तोंडचे नाव हेही इतिहासाचे साधन आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

अलिबाग, पेण व पनवेल या भागांत खाडीला बांध घालून व उघाड्या बसवून जी जमीन मिळविली, ती खार. पावसाने मीठ धुऊन गेल्यावर तेथे भात होते. तथापि उरलेला खारेपणा सोसणारे बीच तग धरते. तांबड्या दाण्याचा राता हा असा वाण. ‘राता’ शब्दाचे मूळ संस्कृत ‘रक्त’, प्राकृत ‘रत्त’ यांत आहे. लवकर पिकणारे भात हळवे, उशिरा पिकणारे गरवे. या शब्दांमागे प्राकृत ‘हलुअ’ व ‘गरुअ’ आहेत. दाण्याचा रंग व पिकाचा अवधी अशा रीतीने नावांतच नोंदलेला आहे.

हे बी मुड्यात किंवा कणगीत राही. कोकणच्या दमट हवेत त्याची उगवणशक्ती फार काळ टिकत नाही. म्हणून वरचेवर पेरणे हेच त्याचे जतन. चरीच्या संपाकडे या दृष्टीने पाहावयास हवे. १९३३ ते १९३९ या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. एवढ्या अवधीत घरातील बी निकामी झाले असणार. पुन्हा पेरणीस ते मिळाले असेल तर जेथे पेरणी चालू होती अशा शेजारगावांतूनच, असे अनुमान निघते. वाण राखणे हे एका घराचे नव्हे, पंचक्रोशीचे काम होते.

१९४८ च्या खार जमीन कायद्याने बांधांचा प्रश्न राज्याच्या कक्षेत आला. रात्यांतून निवडलेले ‘काळा राता १-२४’ व ‘भुरा राता ४-१०’ हे वाण शास्त्रीय वाङ्मयात आले. १९६६ च्या आयआर-८ पासून बुटक्या, अधिक उत्पन्नाच्या वाणांचा प्रसार झाला व जुने वाण मागे पडू लागले. १९७६ साली दिल्लीत वनस्पतींच्या आनुवंशिक संपत्तीसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या पेढीत वाळविलेले बी उणे १८ अंशांवर ठेवतात. २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने राज्याच्या जनुक पेढीसाठी पाच वर्षांकरिता १७२.३९ कोटी रुपये मंजूर केले.

पेढी आवश्यक आहे, यात संशय नाही. पण शीतगृहातील बी जसेच्या तसे राहते; बांध फुटून खारे पाणी शिरलेल्या शेताशी त्याचा संबंध तुटतो, आणि शेतकऱ्याच्या हातून होणारी निवडही थांबते. शिवाय एकाच नावाखाली अनेक वाण असू शकतात, म्हणून केवळ नावावर विसंबता येत नाही. केवळ क्रमांकावरही नाही. क्रमांकाबरोबर गाव, जमिनीची जात, पेरणीची रीत व उच्चारासह स्थानिक नाव नोंदले पाहिजे. ही नावे सांगणारी पिढी वृद्ध होत आहे. भाषेच्या अभ्यासकाने तिच्याकडे जाण्यास विलंब लावू नये.