भिंतींना गळाही असतो

दिवाळीआधी रंग काढायचा म्हणून खोलीतले सामान बाहेर काढले, की आपलाच आवाज आपल्याला परका वाटू लागतो. "चहा झाला का?" एवढे विचारले तरी तो प्रश्न चारही भिंतींना भेटून परत येतो. पुढे गाद्या, पडदे आणि कपाटे जागच्या जागी आली की तोच आवाज पुन्हा घरचा होतो. भिंतींना कान असतात असे आपण म्हणतो. त्यांना गळाही असतो, हे मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही. या गळ्याचे मोजमाप प्रथम कसे झाले त्याची हकीकत मोठी रंजक आहे, आणि तिचा धागा आजच्या मुलांच्या गिटारपर्यंत येऊन पोहोचतो.

१८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. तिच्यातले व्याख्यानगृह दिसायला देखणे. पण वक्त्याचे एक वाक्य विरते न विरते तोच पुढचे त्यावर येऊन आदळे आणि श्रोत्यांच्या हाती नुसता गलका लागे. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे दुखणे पदार्थविज्ञानाच्या एका तरुण प्राध्यापकाकडे सोपवले. त्याचे नाव वॉलेस सॅबिन, वय अवघे सत्तावीस.

सॅबिनजवळ साधने तरी काय होती? ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे यंत्र आणि स्वतःचे कान. नळी वाजवून थांबवायची आणि मागे उरलेला निनाद विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. दिवसा रस्त्यावरच्या वर्दळीने हे जमेना, म्हणून त्याने रात्र धरली. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातला आवाज उत्तम म्हणून नावाजलेला होता. तिथल्या बैठकींच्या गाद्या सहकाऱ्यांसह रात्री उचलून आणायच्या, थोड्या थोड्या मांडून दर वेळी निनाद मोजायचा आणि उजाडण्यापूर्वी त्या जागच्या जागी नेऊन ठेवायच्या, असा त्याचा क्रम चालला. रिकाम्या व्याख्यानगृहात निनाद ५.६२ सेकंद टिके. साऱ्या गाद्या अंथरल्यावर तो १.१४ सेकंदांवर आला.

या माणसाचा काटेकोरपणा तर ऐकण्यासारखा आहे. अंगावरचे कपडेही आवाज पितात, हे त्याच्या ध्यानात आले. मग आधीच्या हजारो नोंदी त्याने बाद केल्या आणि पुढे प्रत्येक रात्री तोच कोट व तीच विजार घालून प्रयोग केले. १८९८ साली एका संध्याकाळी आकड्यांमधला नियम त्याला अचानक दिसला, तेव्हा ती बातमी त्याने प्रथम आपल्या आईला ओरडून सांगितली, असे म्हणतात. नियम सोपा आहे: खोलीचे घनफळ जितके मोठे, तितका निनाद लांब, आवाज पिणारे पृष्ठ जितके अधिक, तितका तो आखूड. याच हिशेबावर बॉस्टनचे सिम्फनी हॉल उभारले गेले आणि १९०० साली उघडले. जगातल्या उत्तम संगीतगृहांत आजही त्याची गणना होते.

पुढे हाच प्रश्न उलट्या दिशेने आला. १९३५ पासून लॉरेन्स हॅमंडचे विजेवरचे ऑर्गन घरोघरी जाऊ लागले. लोकांच्या कानांत बसला होता तो उंच चर्चमधला ऑर्गन. घरात मात्र गालिचे आणि पडदे सगळा निनाद पिऊन टाकीत. तेव्हा हॅमंडच्या कारखान्याने आवाज तारेच्या स्प्रिंगांमधून फिरवून निनादाचा भास निर्माण केला. लांब पल्ल्याच्या टेलिफोनचा प्रतिध्वनी अभ्यासण्यासाठी बेल प्रयोगशाळेत निघालेली ती युक्ती होती. १९६१ साली कॅलिफोर्नियातील फेंडर कंपनीने हीच युक्ती गिटारवाल्यांसाठी वेगळ्या पेटीत आणली आणि १९६३ साली ती ध्वनिवर्धकातच बसवली. दालनाचा निनाद असा हाताने उचलता येईल इतका लहान झाला.

परंतु खरी खोली काही हटत नाही. माझा भाचा गिटार वाजवतो. घरी गोड वाटणारा त्याचा ध्वनिवर्धक एका सभागृहात नेला तर तिथे नुसता घुमू लागला. "मामा, पेटी बिघडली," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. पेटी विकून दुसरी घेण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. मी म्हटले, "अरे, आधी तिची जागा बदलून बघ." कोपऱ्यातली पेटी आम्ही भिंतींपासून चार-पाच फूट पुढे ओढली आणि खुर्चीवर ठेवली. निम्मे दुखणे तिथेच गेले.

यात जादू काही नाही. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खर्जाला उचलून धरतात. शिवाय प्रत्येक खोलीचे काही लाडके स्वर असतात. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ८२ कंपनांचा. हवेतली त्याची लाट चार मीटरांहून थोडी लांब. खोलीची लांबी नेमकी तेवढी असेल, तर तो स्वर दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी आणि मधोमध दणदणतो, आणि भिंतीपासून पाव अंतरावर जवळजवळ नाहीसा होतो. दोन पावले सरकले की वाद्य बदलल्यासारखे वाटते ते यामुळे. उंच स्वरांची तऱ्हा वेगळी. बारा इंची कर्ण्यातून ते झोतासारखे सरळ पुढे जातात. वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांपाशी कर्णा असला म्हणजे त्याला आवाज मऊ वाटतो, तो टीप वाढवतो आणि पहिल्या रांगेतल्या लोकांचे कान किटतात. संध्याकाळी माणसे येऊन बसली, की दुपारी रिकाम्या सभागृहात लावलेला सूर पुन्हा बदलतो; कारण सॅबिनच्या कोटाप्रमाणे आपण सारे श्रोतेही आवाज पितो.

नियम कळला म्हणून सगळे सुटले असे मात्र नाही. न्यूयॉर्कमध्ये १९६२ साली उघडलेल्या फिलहार्मोनिक हॉलच्या आवाजाबद्दल इतक्या तक्रारी आल्या, की १९७६ साली सिरिल हॅरिस या ध्वनितज्ज्ञाच्या सल्ल्याने आतला भाग नव्याने बांधावा लागला. २०२२ साली तोही बदलला. याच हॅरिस यांनी आपल्या मुंबईत नरिमन पॉइंटच्या टाटा थिएटरचे ध्वनिनियोजन केले. ते नाट्यगृह १९८० साली उघडले.

या इतिहासातून मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. मैफल रंगली नाही की आपण गायकाच्या गळ्याला नावे ठेवतो, वाद्याला दोष देतो आणि नव्या पेटीसाठी पैसे मोजतो. भाच्यासारखी किती मुले अशा एखाद्या संध्याकाळीनंतर हिरमुसून वाद्य खाली ठेवत असतील! त्यांच्या कलेत उणे असेलही. पण ते ठरवण्याआधी खोलीची साक्ष काढायला हवी. वाद्य अर्धे वाजवणाऱ्याच्या हाती असते, उरलेले अर्धे भिंतींच्या. यंदा सणात घरातले कोणी पोर गायला किंवा वाजवायला बसले आणि सूर कोरडा वाटला किंवा फार घुमला, तर त्याला बोल लावण्यापूर्वी एखादी सतरंजी अंथरून किंवा गुंडाळून पाहावी.