पुतळ्यातला फोर्ब्ज आणि हिशेबातला फोर्ब्ज

नेरूळहून सीएसएमटीला उतरून चालत टाऊन हॉलला जा. एशियाटिक सोसायटीच्या या इमारतीत सर चार्ल्स फोर्ब्जचा संगमरवरी पुतळा आहे. शिल्पकार फ्रान्सिस चँट्री. आता गंमत बघा, हा माणूस ना गव्हर्नर, ना सेनापती. ॲबर्डीनशायरमधून मुंबईत आलेला स्कॉटिश व्यापारी. काकाने १७६७ मध्ये काढलेल्या फोर्ब्ज पेढीचा तो प्रमुख झाला. तो भारत सोडून गेला, त्याला पाव शतक उलटल्यावर मुंबईकरांनी वर्गणी काढून हा पुतळा उभारला. वर्गणीदारांत इथले देशी लोकही होते.

असं का? कारण परत गेल्यावर फोर्ब्ज १८१२ ते १८३२ ब्रिटिश संसदेत होता आणि हिंदी रयतेची बाजू मांडत राहिला. बायकांना मत द्या, असंही म्हणायचा. (त्याचा माल्म्सबरी मतदारसंघ मात्र अवघ्या १३ मतदारांचा होता!)

माझ्या पहिल्या मसुद्यात मी त्याला सरळ ‘भारतमित्र’ लिहून टाकलं होतं. गाइडनी समासात एवढंच लिहिलं, ‘पैसा कुठला?’

या प्रश्नाने माझं प्रकरणच बदललं. १८०३ चं दुसरं इंग्रज-मराठा युद्ध आठवा. मुंबई सरकारची तिजोरी तेव्हा कायम तुटीत. सरकारला कर्ज पुरवणाऱ्यांत दोन खाजगी पेढ्या ठळक होत्या : ब्रूस-फॉसेट आणि फोर्ब्ज. त्याच वर्षी इंग्रजांनी शिंद्यांकडून भडोच घेतलं. भडोच म्हणजे कापूस. गुजरातचा कापूस चीनला पाठवणं हा मुंबईच्या खाजगी व्यापाऱ्यांचा मोठा धंदा. म्हणजे सावकार सरकारला उसने देतोय, सरकार लढतंय आणि हाती येतोय तो सावकाराच्या मालाचा मुलूख.

मग संसदेतली भाषणं ढोंग होती का? मला तसं वाटत नाही. देशी व्यापाऱ्यांच्या संगतीने धंदा केलेल्या माणसाला कंपनीच्या कारभाराचा राग खरोखर येऊ शकतो. पण भाषणं आणि पुतळा एवढंच पाहिलं, तर दाता दिसतो. नुसत्या कर्जाच्या नोंदी पाहिल्या, तर सावकार. प्रबंधाचा आराखडा लिहिताना तुम्ही आधी कुठली फाइल मागवता, त्यावर तुमचा नायक ठरून जातो.

सध्याच्या मसुद्यात पुतळा मी शेवटी नेलाय. सुरुवात भडोचच्या कापसापासून आहे.